माशाच्या रक्तातली स्मृती

शतपथ ब्राह्मणातला मनूचा मासा वाचकांच्या ओळखीचा असेलच. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यात मनूला एक चिमुकला मासा सापडला आणि त्याने मनूकडे अभय मागितले. आपण लहान आहोत तोवर मोठे मासे आपल्याला गिळतील, ही त्याची भीती. मनूने त्याला आधी घटात ठेवले. घट अपुरा पडला तेव्हा खड्डा खणून त्यात ठेवले. आणि तो पुरेसा मोठा झाल्यावर समुद्रात सोडून दिले. पुढे महापूर आला तेव्हा त्याच माशाने मनूची नौका ओढून नेली, ही कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत.

या कथेत माशाने आपला एकच वैरी सांगितला. त्याचा दुसरा वैरी इतका लहान, की तो माशालाही दिसला नसता आणि मनूलाही. तो म्हणजे रोगजंतू. अथांग समुद्रात जंतूला मासा गाठायला बरेच कष्ट पडतात. पण घटात, तळ्यात, हौदात मासे दाटीवाटीने ठेवले की त्याचे काम सोपे होते. म्हणून माणूस मासे पाळू लागला तेव्हाच या घटातल्या माशाला तारायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला. गेल्या सव्वाशे वर्षांत त्याचे उत्तर सापडले, हरवले आणि पुन्हा सापडले. एकदा भेटलेला शत्रू माशाचे रक्त महिनोन्‌महिने विसरत नाही. माणसाची विद्या मात्र हाती आलेले उत्तर पंचवीस-तीस वर्षे अडगळीत टाकून बसली. त्या स्मृतीची आणि त्या विस्मृतीची ही हकीकत आहे. ऐन दिवाळीत, फराळाच्या ताटाशेजारी, मासळीचा विषय काढला म्हणून शाकाहारी वाचकांनी रागावू नये. येथे मासा पानात यायचा नाही, तो पाण्यातच राहणार आहे.

मासळीच्या पोराला पोहायला शिकवावे लागत नाही, असे आपण म्हणतो, आणि ते खरेच आहे. पण रोगाशी लढायला त्या पोराला शिकावे लागते. अंगावरचा बुळबुळीत थर, त्याखालचे खवले आणि रक्तातल्या जंतू गिळून टाकणाऱ्या पेशी, ही त्याची जन्मजात शिबंदी. ती येईल त्या शत्रूवर सारखीच धावून जाते. हा कोण आणि तो कोण, हे फारसे पाहत नाही. याखेरीज माशाजवळ आणखी एक विद्या आहे, आणि ती आपल्याजवळही आहे. अमुक एका जातीचा जंतू शरीरात शिरला, की त्याच्या अंगावरच्या खुणा हेरून, त्या खुणांवर नेमके बसेल असे प्रथिन शरीर तयार करते. कुलुपात किल्ली बसावी तसे ते बसते. यालाच प्रतिपिंड म्हणतात. प्रतिपिंडे चिकटली की जंतूंचे गठ्ठे होतात, त्यांच्या विषाची धार बोथट होते आणि भक्षक पेशींना त्यांना गिळणे सोपे जाते.

ही विद्या किती जुनी म्हणाल, तर जबडा असलेले मासे पृथ्वीवर आले तेव्हाची, म्हणजे सुमारे ४५ ते ५० कोटी वर्षांपूर्वीची. शार्कपासून माणसापर्यंत जबडा असलेल्या पृष्ठवंशीय प्राण्यांच्या साऱ्या कुळात ती आढळते. लॅम्प्रे नावाच्या, जबडा नसलेल्या माशात अशी प्रतिपिंडे नाहीत. त्याची व्यवस्था निराळ्याच प्रथिनांवर चालते. तान्ह्या बाळाला घटसर्पाची लस टोचून आणताना आपण त्याच्या अंगातली जी शक्ती जागी करतो, ती आपल्या पूर्वजांनी पाण्यात असतानाच कमावलेली आहे.

माणसाला मात्र तिचा पत्ता फार उशिरा लागला. १८९० साली बर्लिनमध्ये बेरिंग आणि त्याचा जपानी सहकारी कितासातो यांनी दाखवून दिले, की घटसर्पाचे किंवा धनुर्वाताचे विष बेताबेताने टोचलेल्या जनावराच्या रक्तद्रवात त्या विषाचा उतारा तयार होतो. १८९६ मध्ये ग्रुबर आणि डरहॅम यांनी आणखी एक गोष्ट सिद्ध केली. असा रक्तद्रव त्या त्या जातीच्या जंतूंत मिसळला की जंतूंचे गठ्ठे होऊन ते नळीच्या तळाशी बसतात. कोणाच्या रक्तात कोणत्या जंतूविरुद्ध प्रतिपिंडे आहेत, हे साध्या काचेच्या नळीत डोळ्यांना दिसू लागले.

* * *

आता बव्हेरियात जाऊ. जर्मनीच्या या डोंगराळ प्रांतात ट्राऊट माशांची पैदास होत असे. ट्राऊट हा थंड, वाहत्या, निर्मळ पाण्यातला मासा. युरोपातल्या गळ टाकून बसणाऱ्या शौकिनांचा मोठा लाडका. तेथल्या मत्स्यबीज केंद्रातले ट्राऊट एकाएकी मरू लागले. त्यांच्या अंगावर गळवे उठत, ती फुटून रक्तमिश्रित लस वाही, आणि मासा पाण्यावर आडवा होई. कित्येक तर गळू उठायच्या आधीच मरत. म्युनिकच्या एमेरिख आणि वाइबेल या दोघांनी मेलेल्या माशांतून या रोगाचा जंतू वेगळा काढला आणि १८९४ साली ते प्रसिद्ध केले. आज त्या जंतूला एरोमोनास साल्मोनिसिडा म्हणतात. साल्मोनिसिडा, म्हणजे सॅमनच्या कुळाचा मारेकरी.

हा एमेरिख मोठा वल्ली होता. नुसत्या जंतूने पटकी होत नाही, जमिनीचीही साथ लागते, असे त्याचे गुरू पेटेनकोफर यांचे मत. ते सिद्ध करण्यासाठी १८९२ च्या ऑक्टोबरात गुरूने पटकीच्या जंतूंनी भरलेला द्रव पिऊन दाखवला, आणि दहा दिवसांनी शिष्यानेही तेच केले. दोघांचीही पोटे बिघडली, पण दोघेही वाचले. जंतूंच्या सामर्थ्याबद्दल इतका साशंक असलेला माणूस दोनच वर्षांनी ट्राऊटच्या गळवांत जंतू शोधून काढतो, हा योगायोग गमतीचा खरा.

मत्स्यबीज केंद्रे एकमेकांना अंडी आणि बोटुकली विकत असत. त्यामुळे रोगही गावोगाव हिंडला. ब्रिटनच्या नद्यांत तो इतका बोकाळला, की १९२९ साली सरकारने खास समिती नेमली. तिने १९३० ते १९३५ या काळात तीन अहवाल दिले आणि १९३७ साली माशांच्या रोगांविषयीचा कायदा झाला. बाहेरून रोग येऊ देऊ नका, रोगट मासे इकडून तिकडे नेऊ नका, असा त्याचा रोख होता. उपाय शहाणपणाचा होता. पण वेशीला पहारा बसवण्यापलीकडे तो जात नव्हता. वेशीच्या आत शिरलेल्या शत्रूचे काय करायचे?

त्याचे उत्तर माणसापुरते तरी तोवर हाताशी आले होते, आणि ते आपल्या मुंबईत आले होते. एमेरिखने ट्राऊटचा जंतू प्रसिद्ध केला त्याच १८९४ साली अलेक्झांद्र येर्सिन याने हाँगकाँगमध्ये प्लेगचा जंतू शोधला. दोन वर्षांनी, १८९६ मध्ये, प्लेग मुंबईच्या मांडवी भागात उतरला. ऑक्टोबरात वाल्देमार हाफकिन मुंबईस आला आणि ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या छोट्याशा जागेत कामाला लागला. मांसाच्या रश्शावर तुपाचे थेंब तरंगत ठेवायचे, त्यांच्या आधाराने प्लेगचे जंतू खाली झुंबरासारखे लोंबत वाढू द्यायचे, मग त्यांना उष्णतेने मारायचे, अशी त्याची रीत. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ही मेलेल्या जंतूंची लस प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. जंतू मेला तरी त्याच्या अंगावरच्या खुणा शाबूत राहतात, आणि शरीर त्या खुणांवरूनच प्रतिपिंडे घडवते. परळच्या ज्या संस्थेला आज हाफकिनचे नाव आहे, तिचा पाया या तत्त्वावर घातला गेला. हा प्लेगचा जंतू वाचकांनी ध्यानात ठेवावा. त्याचा एक चुलतभाऊ पुढे माशांच्या कथेत येणार आहे.

* * *

मेलेल्या जंतूची लस माणसाला चालते, तर माशाला का चालू नये? प्रश्न साधा दिसतो. पण मासा थंड रक्ताचा. त्याच्या रक्ताची ऊब पाण्याच्या उबेइतकीच. अशा थंड रक्तात प्रतिपिंडे घडतील का, आणि घडलीच तर कामास येतील का?

१९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, या प्रश्नाची दोन उत्तरे प्रसिद्ध झाली. पहिले कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरून आले. ब्रिटिश कोलंबियात डफ नावाच्या जंतुशास्त्रज्ञाने ट्राऊटच्या गळवांचे जंतू क्लोरोफॉर्मने मारले आणि ते माशांच्या खाण्यात कालवून आठवडेच्या आठवडे चारले. मग या माशांना आणि लस न चारलेल्या माशांना त्याने जिवंत जंतूंशी गाठ घालून दिली. लस खाल्लेले मासे पुष्कळ अधिक संख्येने वाचले. त्यांच्या रक्तद्रवात जंतूंचे गठ्ठे करणारी प्रतिपिंडेही मिळाली. माशांच्या लशीची परंपरा आज डफपासूनच मोजतात.

दुसरे उत्तर अमेरिकेतल्या कुशिंगचे. त्याने कार्प माशांवर प्रयोग करून दाखवले, की प्रतिपिंडे घडवण्याचे काम पाण्याच्या उबेवर अवलंबून असते. कोमट पाण्यातले कार्प ती भराभर घडवत. गार पाण्यात ते काम मंदावे किंवा रेंगाळे. पुढे १९६९ पासून इस्राएलमध्ये आव्तालिओन याने यातले मर्म अधिक उलगडले. शत्रूची ओळख पटवून घेण्याचा पहिला टप्पा उबेवर अडून असतो. तो एकदा पार पडला की मासा गार पाण्यात गेला तरी प्रतिपिंडे घडवत राहतो. भात उकळीला येईपर्यंत जाळ लागतो. मग चूल मंद केली तरी तो शिजतो, तशातलाच हा प्रकार.

माशाच्या पोटात हे काम चालते तरी कोठे? आपल्या शरीरात रक्तपेशी हाडांच्या मगजात तयार होतात आणि काखेत, मानेत, जांघेत लसिकेच्या गाठी असतात. माशाच्या हाडांत रक्त घडवणारा मगज नाही आणि अशा गाठीही नाहीत. त्याचा कारखाना निराळ्या जागी आहे. माशाचे मूत्रपिंड कण्याखाली लांबलचक पट्टीसारखे पसरलेले असते. त्या पट्टीचा डोक्याकडचा भाग लघवी गाळण्याचे काम सोडून रक्तपेशी आणि प्रतिपिंडे घडवण्याच्या कामाला लागलेला असतो. मासा साफ करताना कण्याला चिकटलेली जी काळपट लाल रेघ सुरीच्या टोकाने खरवडून काढतात, ती हीच. तिच्या जोडीला प्लीहाही राबते. येथे जंतूची खूण ओळखणाऱ्या पेशीची संख्या वाढते आणि तिच्या लेकी प्रतिपिंडे रक्तात सोडतात.

हाडे असलेल्या माशांचे मुख्य प्रतिपिंड चार तुकडे जोडून बनलेले असते. प्रत्येक तुकड्याला जंतू पकडायला दोन हात, म्हणजे एकंदर आठ हात. आपल्या रक्तातल्या त्याच जातीच्या प्रतिपिंडात सहसा पाच तुकडे व दहा हात असतात. माणसाचे शरीर पुढे त्यातून अधिक धारदार जातीची प्रतिपिंडे घडवते. मासा तसे करत नाही. त्याची धार थोडी कमी आणि वेगही कमी. तो पहिली प्रतिपिंडे दाखवायला कित्येक आठवडे घेतो. पण दुसऱ्यांदा तोच शत्रू आला तर तो अधिक लवकर आणि अधिक जोराने उत्तर देतो. यालाच रक्ताची स्मृती म्हणायचे.

* * *

डफच्या प्रयोगानंतर मत्स्यबीज केंद्रांनी लशीचा मार्ग धरला असता तर ही कथा येथेच संपली असती. पण चारच वर्षांनी, १९४६ मध्ये, गटसेल याने याच गळवांच्या रोगावर सल्फामेराझिन हे औषध गुणकारी असल्याचे दाखवले. औषध खाण्यात मिसळावे आणि थोड्याच दिवसांत मासे मरायचे थांबावेत, हा चमत्कार ज्याने डोळ्यांनी पाहिला, तो आठवडेच्या आठवडे मेलेले जंतू चारत कशाला बसेल? मागोमाग टेरामायसीनसारखी प्रतिजैविकेही आली. लशीची मंदगती विद्या मागे पडली. ती कोणी खोटी ठरवली नाही की नाकारली नाही. गरजच उरली नाही म्हणून ती विस्मरणात गेली.

त्या माणसांना दोष देणे सोपे आहे. पण त्यांच्या जागी आपण असतो तर वेगळे वागलो असतो का? औषध रोग झाल्यावर द्यायचे असते आणि त्याचा गुण दिसतो. लस रोग व्हायच्या आधी द्यायची असते, आणि तिचा गुण म्हणजे काहीच न घडणे. न घडलेल्या गोष्टीचे कौतुक वाटायला मोठी दृष्टी लागते. पण जंतू काही स्वस्थ बसले नाहीत. सल्फाला न जुमानणारे जंतू १९५० नंतरच्या दशकातच आढळू लागले, आणि जपानमध्ये तर असे दिसले, की औषधाला दाद न देण्याचा गुण हे जंतू एकमेकांना देऊ शकतात.

विसरलेली विद्या पुन्हा आठवली ती अमेरिकेतल्या आयडाहो प्रांतात. तेथे हेगरमन नावाच्या खोऱ्यात डोंगराच्या कपारींतून वर्षभर सुमारे १५ अंश उबेचे झरे वाहतात, आणि त्यांच्या पाण्यावर ट्राऊटची मोठी शेती उभी आहे. १९५० नंतर तेथे माशांच्या तोंडाभोवती रक्त साकळून तोंड लाल होण्याचा रोग पसरला. १९६५ साली रॉस आणि क्लॉन्ट्झ यांनी डफच्याच वाटेने जाऊन मेलेले जंतू चारले आणि मासे वाचवले. १९७६ साली या रोगावरील लशीला अमेरिकेत परवाना मिळाला. माशांसाठी परवाना मिळालेली ही पहिली व्यापारी लस. त्या जंतूचे बारसे १९७८ मध्ये झाले आणि त्याचे नाव ठरले येर्सिनिया रुकेरी. येर्सिनिया हे कुलनाम हाँगकाँगच्या येर्सिनवरून आले आहे. प्लेगचा जंतू याच कुळातला. हाफकिनने मुंबईत ज्या जंतूला मारून लस केली, त्याच्या चुलतभावाला मारून माशांची पहिली लस झाली. मध्ये गेली ती एकोणऐंशी वर्षे.

लाखो बोटुकल्यांना लस द्यायची कशी, ही खरी अडचण होती. त्याच १९७६ साली अमेंड आणि फेंडर यांनी ट्राऊटना आधी तीव्र मिठाच्या पाण्यात आणि मग प्रथिनाच्या द्रवात बुडवून दाखवले, की प्रथिन त्यांच्या शरीरात शोषले जाते. पुढे कळले की मिठाचीही गरज नाही. मेलेल्या जंतूंच्या पाण्यात जाळीभर पिल्ले अर्धा-एक मिनिट बुडवून काढली की काम होते. कल्ल्यांतून आणि कातडीतून लस आत जाते. सुई नाही, रडारड नाही. एक डुबकी आणि शाळा संपली! आपल्या घरच्या पोरांना हे वाचून हेवा वाटेल.

* * *

या विद्येची खरी कसोटी नॉर्वेत लागली. १९७० साली हित्रा बेटाजवळ ग्रोंटवेद बंधूंनी समुद्रात तरंगत्या पिंजऱ्यांत सॅमनची पिल्ले सोडली आणि एक मोठा धंदा जन्माला आला. मनूने मासा घटातून समुद्रात सोडला होता. या भावांनी समुद्रातच घट बांधला. त्याच दशकाच्या अखेरीस हित्राच्या आसपास थंडीच्या दिवसांत मासे रक्तस्रावाने मरू लागले, म्हणून त्या रोगाला हित्राचाच रोग म्हणू लागले. त्याचा जंतू १९८६ साली निश्चित झाला आणि लगोलग त्याची लसही निघाली. पण तोवर दुसरे संकट दाराशी आले होते. १९८५ मध्ये स्कॉटलंडहून आणलेल्या पिल्लांबरोबर बव्हेरियाचा तो जुना मारेकरी नॉर्वेत शिरला. १९९२ अखेर पाचशेहून अधिक मत्स्यशेतांवर तो पसरला होता.

लोकांनी औषधांच्या गोण्या उपसल्या. १९८७ साली नॉर्वेच्या मत्स्यशेतीत सुमारे ४८ टन प्रतिजैविके खपली. त्या वर्षीचे सॅमनचे उत्पादन ५० हजार टनांच्या आतबाहेर होते. म्हणजे टनभर माशामागे जवळजवळ किलोभर औषध! डुबकीची लस या रोगापुढे टिकेना. नुसत्या पाण्यातली टोचायची लसही अपुरी पडली. मग मेलेले जंतू तेलात घोटून टोचण्याची युक्ती आली. तेलाचा थेंब पोटात साठून राहतो आणि त्यातून जंतूच्या खुणा सावकाश बाहेर पडतात, त्यामुळे माशाचा धडा महिनोन्‌महिने चालू राहतो. १९९२-९३ पासून ही लस सर्रास वापरात आली. पिल्लांना गुंगी देऊन प्रत्येकाच्या पोटात एकेक सुई टोचायची; आधी माणसे टोचत, पुढे यंत्रेही आली. लस टोचल्यावर थांबायचे किती, याचा हिशेब आव्तालिओनच्या कार्पची आठवण करून देतो. पाण्याचे अंश गुणिले दिवस, असे सुमारे ५०० भरले पाहिजेत. पाणी १० अंशांचे असेल तर ५० दिवस. तोवर प्रतिपिंडांची फळी उभी राहते आणि मग मासा समुद्रात जातो.

या तेलाची किंमत माशाला मोजावी लागली, हेही सांगितले पाहिजे. टोचलेल्या जागी दाह होऊन पोटातले अवयव एकमेकांना चिकटत आणि काही माशांची वाढ खुंटे. म्हणून पुढे लशीचा डोस कमी कमी करत नेला. पण हिशेबाची दुसरी बाजू फार मोठी आहे. १९९० नंतरच्या दशकाच्या मध्यावर प्रतिजैविकांचा वापर एखाद-दुसऱ्या टनावर आला. पुढे सॅमनचे उत्पादन दहा लाख टनांच्या वर गेले, तरी औषध वर्षाकाठी काहीशे किलोंवर आले. मासे वीसपट झाले आणि औषध शंभराव्या हिश्श्याहूनही कमी.

सगळीकडे मात्र असे यश आले नाही. चिलीच्या किनाऱ्यावर १९८९ साली सॅमनमध्ये एक नवा रोग दिसला. त्याचा जंतू माशाच्या पेशींच्या आत घर करून राहतो. प्रतिपिंडे रक्तात पहारा देतात. पेशीच्या भिंतीआड लपलेल्या चोरापर्यंत त्यांचा हात पोहोचत नाही. त्यामुळे लशींचा तेथे जेमतेमच उपयोग झाला, आणि २०१४ साली चिलीत सुमारे ५६० टन प्रतिजैविके वापरली गेली. एकाच जातीचा मासा दोन देशांत पाळला जातो, आणि एकीकडे औषध किलोंत मोजतात तर दुसरीकडे शेकडो टनांत. इतकी औषधे पाण्यात पडली की त्यांना सरावलेले जंतू तळ्याच्या काठावर थांबत नाहीत. माणसाच्या आजारपणात उपयोगी पडायची औषधेही बोथट होतात. माशाच्या लशीशी शाकाहारी घराचाही संबंध आहे, तो असा.

शोध अजून चालूच आहे. २००५ साली ट्राऊट आणि झेब्रामासा यांत प्रतिपिंडांची एक नवीच जात सापडली, जी सस्तन प्राण्यांत नाही. २०१० मध्ये दिसून आले की ही जात माशाच्या आतड्याचा पहारा करते. पुढे कातडीवर आणि कल्ल्यांतही तिचा पहारा आढळला. सुई न टोचता नुसत्या डुबकीने मासे शहाणे का होतात, याचा काही उलगडा त्यामुळे झाला. २००६ साली तर असे कळले, की माशाच्या प्रतिपिंडे घडवणाऱ्या पेशी वेळ पडल्यास स्वतःच जंतू गिळतात. लोहारानेच तलवार घडवावी आणि तीच घेऊन रणात उतरावे, तसे हे.

आपल्याकडच्या तळ्यांतल्या रोहू आणि कटला यांच्यावरही जंतू टपलेले असतात. बव्हेरियाच्या मारेकऱ्याचा सख्खा भाऊ शोभेल असा एरोमोनास हायड्रोफिला त्यांच्या अंगावर जखमा करतो. येथे पाणी उबदार, म्हणून प्रतिपिंडे लवकर घडतात, ही एक जमेची बाजू. पण अंड्यातून नुकत्याच निघालेल्या जिऱ्याएवढ्या पिल्लाजवळ स्वतःची प्रतिपिंडे घडवायला कारखानाच तयार नसतो. भुवनेश्वरजवळच्या केंद्रीय संस्थेतल्या संशोधकांनी रोहूच्या माद्यांना अंडी घालण्यापूर्वी लस टोचून पाहिली, तेव्हा आईच्या रक्तातली प्रतिपिंडे अंड्यात उतरली आणि पिल्लांतही सापडली. पिल्लू स्वतः शिकेपर्यंतचे ते पहिले नाजूक दिवस त्याला आईच्या शिदोरीवर काढता येतात.

मनूच्या माशाने अभय मागितले तेव्हा बदल्यात तारण्याचे वचन दिले होते. पाळलेल्या माशाला औषधांत बुडवून ठेवण्याऐवजी त्याच्याच रक्ताला शिकवले, तर आपली औषधे आपल्या लेकरांच्या आजारपणासाठी शाबूत राहतात. ते वचन एवढ्यापुरते तरी खरे होताना दिसते. हे १९४२ साली कळले होते. ते पटायला पन्नास वर्षे लागली. नॉर्वेतली रोपवाटिका असो की ओरिसातले तळे, पाणी दहा अंशांचे असेल तर पन्नास दिवस थांबावे लागते आणि पंचवीस अंशांचे असेल तर वीस. मासा त्याहून घाई करत नाही.